थोरल्याचें काय झालें?

आमच्या घरांतल्या सतरा माणसांपैकीं बर्फावर पाय ठेवलेला मनुष्य एकच, आणि तो म्हणजे आम्ही. त्यामुळें थंडीचा, डोंगराचा अथवा बंदुकीचा कोणताहि प्रश्न निघाला म्हणजे त्याचा निकाल आमच्याकडे लागावयाचा, असा घरांत प्रघात पडून गेला आहे. सदाशिव पेठेंतला आमचा वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिल्याला आतां वीस वर्षें होऊन गेलीं. तरी आम्ही दोघे भाऊ एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दारांनीं राहतों, सणावाराला पंगत एकच असते, आणि दुपारचा चहा अण्णांकडे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंकडे, होतो. २०१८ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस, रविवारीं, असाच चहा चालला असतां अण्णांचा नातू आपला संगणक घेऊन आला आणि त्यानें तो सर्वांना दिसेल अशा बेतानें फडताळावर ठेवला. कोरियांत प्यॉंगचांग येथें हिंवाळी ऑलिंपिकचे सामने चालले होते. पडद्यावर तेथील रात्रीचें दिव्यांनीं उजळलेलें बर्फ होतें, आणि त्यावर पाठीस बंदुका बांधलेले तीस गडी सुटण्याच्या इशाऱ्याची वाट पाहत उभे होते.

वहिनींनीं थोडा वेळ पाहिलें आणि विचारलें, "आधीं एवढें धांवायचें, मग थांबून गोळ्या झाडायच्या, आणि नेम चुकला कीं शिक्षा म्हणून पुन्हां धांवायचें! ह्यांचा शत्रु तरी कोण?"

प्रश्न रास्त होता. ह्या खेळाचें नांव बायथलॉन. म्हणजे दोन स्पर्धा मिळून एक. पायांत स्की नांवाच्या लांब, अरुंद पट्ट्या आणि दोन्हीं हातांत काठ्या घेऊन बर्फाच्या चढउतारांवरून मैलोगणती धांवावयाचें, आणि वाटेंत ठराविक वेळां थांबून प्रत्येक खेपेस पांच गोळ्या झाडावयाच्या. कांहीं खेपा पालथें पडून, कांहीं उभ्यानें. लक्ष्यें ५० मीटरांवर असतात. पालथें पडून मारावयाचें लक्ष्य साडेचार सेंटिमीटर रुंदीचें, म्हणजे एका लिंबाएवढें; उभ्यानें मारावयाचें साडेअकरा सेंटिमीटरांचें, चहाच्या लहान बशीएवढें. बंदुकीचें वजन साडेतीन किलोंपेक्षां कमी असतां कामा नये, आणि ती सबंध शर्यतभर पाठीवर वागवावी लागते. चुकलेल्या प्रत्येक नेमाबद्दल १५० मीटरांचा एक जादा फेरा; वीस किलोमीटरांच्या जुन्या पद्धतीच्या शर्यतींत फेऱ्याऐवजीं एक पुरा मिनिट वेळांत धरतात. ज्या खेळांत पहिल्या-दुसऱ्यांमधलें अंतर सेकंदांनीं मोजतात तेथें एक मिनिट म्हणजे काय, हें गृहिणींना कुकरच्या शिट्टीवरूनहि कळेल.

परंतु हे सर्व आंकडे झाले. खरी अडचण आंकड्यांत दिसत नाहीं. ती आम्हांला ठाऊक आहे, कारण आम्हीं ती भोगली आहे. पायदळांत नवे अधिकारी असतांना १९७४ च्या हिंवाळ्यांत आम्हांला गुलमर्गच्या सैनिकी शाळेंत पाठविण्यांत आलें होतें. ही शाळा जनरल थिमय्यांनीं १९४८ सालीं स्की शिकविण्यासाठीं काढली, आणि पुढें तिचें अतिउंच प्रदेशांतील युद्धशिक्षणाची शाळा असें रूपांतर झालें. तेथें एका सकाळीं खिलनमर्गच्या अंगाला चढून आल्यावर आम्हांला उभ्यानें नेम धरावयास सांगितलें. आम्ही आमच्या पलटणींत बरे नेमबाज समजले जात होतों. त्या दिवशीं बंदुकीच्या नळीचें टोंक हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं वर उडतांना आम्हांला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसलें. श्वासाच्या वाफेनें दुर्बिणीसारखें धुकें समोर यावें, बोटांना चाप लागतो आहे कीं नाहीं हें कळूं नये, आणि पायांच्या पोटऱ्या अजून धांवतच असाव्यात! पांचांपैकीं आमची एकहि गोळी फळीला लागली नाहीं. शिकविणारा गढवाली हवालदार हंसला नाहीं, हे त्याचे उपकार. तो एवढेंच म्हणाला कीं, साहेब, थांबून नेम धरूं नका. थांबण्याच्या शंभर पावलें आधींपासून धरा.

हेंच ह्या खेळाचें सारें मर्म आहे. कसलेला खेळाडू नेमाच्या जागेकडे येतां येतां आपला वेग हेतुपुरस्सर कमी करतो, वाऱ्याचीं निशाणें पाहून घेतो, एक-दोन दीर्घ श्वास सोडतो आणि श्वास संपल्यावर जी क्षणमात्र शांतता असते तींत गोळी सोडतो. पांच गोळ्या झाडून तो अर्ध्या मिनिटाच्या आंत पुन्हां वाटेला लागतो. फार थांबला तर मागले गांठतात, घाई केली तर नेम चुकतो. धांवणाऱ्यांत उत्तम आणि नेमबाजांत उत्तम असे दोन वेगळे मनुष्य मिळणें सोपें आहे. ते एकाच कातड्यांत मिळणें कठीण.

खेळाचें मूळ अर्थातच सैनिकी आहे. उत्तरेकडील देशांतल्या सरहद्दींवर हिंवाळ्यांत पहारा करणाऱ्या शिपायांना स्की आणि बंदूक ह्या दोन्हींवांचून गत्यंतर नव्हतें. १९२४ सालीं फ्रान्समध्यें शामोनी येथें पहिले हिंवाळी ऑलिंपिक भरलें, तेव्हां 'सैनिकी गस्त' ह्या नांवानें चौघाचौघांच्या तुकड्यांची शर्यत झाली होती. स्वित्झर्लंडची तुकडी पहिली, फिनलंडची दुसरी, फ्रान्सची तिसरी आली. निघालेल्या सहा तुकड्यांपैकीं दोन शेवटापर्यंत पोंचल्याच नाहींत. पुढें ही शर्यत नुसती प्रदर्शनापुरती राहिली, आणि १९४८ नंतर तीहि बंद पडली. एकेकट्या गड्याचें बायथलॉन म्हणून ती ऑलिंपिकांत परत आली १९६० मध्यें. तेव्हां क्लास लेस्तांदेर नांवाचा एक स्वीडिश गडी धांवण्यांत पुष्कळांच्या मागें असूनहि वीसपैकीं वीस नेम साधून पहिला आला. आमच्या मतें त्या दिवशीं खेळाची प्रतिष्ठा ठरली.

नातवाला हा इतिहास ऐकावयाचा नव्हता. त्याला आम्हांला एक गडी दाखवावयाचा होता. "काका-आजोबा, तो पाहा, तो तुमच्यासारखा सैन्यांतला आहे," तो म्हणाला. तो गडी म्हणजे फ्रान्सचा मार्तां फूरकाद.

फूरकाद हा पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं सेरे गांवीं १९८८ सालीं जन्मला. स्पेनच्या सरहद्दीपाशीं फों-रोमो नांवाचें सुमारें १,८०० मीटर उंचीवरचें ठिकाण आहे. मेक्सिकोच्या १९६८ च्या ऑलिंपिकसाठीं, विरळ हवेची संवय व्हावी म्हणून, फ्रेंचांनीं तेथें खेळाडूंचें शिक्षणकेंद्र उभारलें होतें. त्याच मुलुखांत ह्याचें बाळपण गेलें. पुढें शामोनीच्या सैनिकी गिर्यारोहण शाळेशीं जोडलेलें जें फ्रेंच सैन्याचें स्की-पथक, त्याच्या पटावर तो आला. १९२४ मध्यें ज्या गांवीं गस्तीची शर्यत झाली, त्याच गांवची ही शाळा.

येथें अण्णांनीं चहाचा पेला खालीं ठेवून प्रथमच तोंड उघडलें. "हा सैनिक लढला कोठें?"

लढला नाहीं, हें आम्हीं कबूल केलें. युरोपांत अशी चाल आहे कीं, ज्या खेळांत पैसा थोडा आणि मेहनत बारा महिन्यांची, त्यांतल्या खेळाडूंना सैन्य, पोलीस अथवा जकात खातें आपल्या पटावर घेतें, वेतन देतें आणि खेळावयास मोकळें सोडतें. ह्याला कोणी फुकट खाणें म्हणतात. आम्ही नोकरींत असतांना आमच्याहि मनांत तो विचार येऊन गेला आहे. पहाऱ्यावर रात्र काढून आलेल्या शिपायाला मैदानावर धांवणाऱ्या शिपायाबद्दल प्रेम वाटेलच असें नाहीं. परंतु पुढें आमचें मत पालटलें. सांगली जिल्ह्यांतले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें अपंगांच्या ऑलिंपिकांत पोहून सुवर्णपदक घेऊन आले. बीड जिल्ह्यांतला अविनाश साबळे महार रेजिमेंटमधला; सियाचेनच्या बर्फांत राहून आलेला हा गडी अडथळ्यांच्या शर्यतींत २०२२ सालीं बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सामन्यांत दुसरा आला. ह्यांना खेळण्याबद्दल सरकारनें वेतन दिलें असेल, तर तो पैसा सत्कारणीं लागला असेंच आम्ही म्हणूं. आणि फूरकादच्या बाबतींत तर दुसरीहि एक गोष्ट आहे. हृदय मिनिटाला पावणेदोनशेंच्या घरांत धडधडत असतां लिंबाएवढ्या ठिपक्यावर बोट स्थिर ठेवणें, हें जर सैनिकाचें काम नव्हे, तर सैनिकाचें काम तें कोणतें?

"बरें," अण्णा म्हणाले, आणि पुन्हां पडद्याकडे पाहूं लागले.

ह्या 'बरें' शब्दामागें काय होतें तें सांगितल्यावांचून पुढची हकीकत वाचकांना समजणार नाहीं.

अण्णा आमच्यापेक्षां चार वर्षांनीं मोठे. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत जावयाचें, हें त्यांनीं वयाच्या बाराव्या वर्षींच ठरविलें होतें, आणि ठरविलें म्हणजे तें घरांतल्या सर्वांवर लादलें. सकाळीं पांच वाजतां ते आम्हांला अंथरुणांतून ओढून काढीत. वाड्याच्या दिंडीदरवाज्यापासून पर्वतीची शेवटली पायरी गांठून परत यावयाचें, आणि आल्या पावलीं, पाणी न पितां, परसांत जांभळीला टांगलेल्या डब्याच्या झांकणावर छऱ्याच्या बंदुकीनें पांच छरे मारावयाचे. आई म्हणे, अरे, पोराला दम तर खाऊं दे. अण्णांचें उत्तर ठरलेलें असे: "शत्रु दम खाऊं देतो काय?" वेळ मोजण्यासाठीं आजोबांचें सांखळीचें घड्याळ होतें, आणि वेळ नि नेम लिहिण्यासाठीं एक वही. आम्हीं ती वही कधीं उघडून पाहिली नव्हती. ती अण्णांच्या पेटींत असे.

पानशेतच्या वर्षीं, १९६१ सालीं, अण्णा लेखी परीक्षा उतरले, निवड मंडळासमोरहि उतरले, आणि शेवटल्या वैद्यकीय तपासणींत त्यांना समजलें कीं त्यांना तांबडा आणि हिरवा ह्या रंगांतला फरक नीट कळत नाहीं. सतरा वर्षें तो त्यांना स्वतःला किंवा घरांत कोणाला कळला नव्हता. ठिपक्यांच्या चित्रांचें पुस्तक समोर ठेवलें, ठिपक्यांत लपलेला आंकडा त्यांना दिसेना, आणि गोष्ट संपली. हा दोष बहुधा आईकडून मुलग्यांत उतरतो. एकाच आईच्या दोघां मुलांत तो एकाला गांठतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. १९६५ सालीं तेंच पुस्तक आमच्या समोर ठेवण्यांत आलें, आणि आम्हांला सारे आंकडे दिसले.

वर्तमानपत्रांत निकाल आला तो अण्णांनींच वाचला. आमचें नांव बोटानें दाखवून ते म्हणाले, "स्वयंपाकघरांत सांगून ये." ते रागावले नाहींत, कडू बोलले नाहींत. फक्त त्यानंतर आम्ही खडकवासल्याला जाईपर्यंत त्यांचें आमच्याशीं बोलणें कामापुरतेंच राहिलें. तीन वर्षांनीं प्रबोधिनीचें संचलन पाहावयास वडील, आई, दोन्हीं आत्या आल्या. दहा मैलांवरून अण्णा आले नाहींत. कचेरींत रजा मिळत नाहीं, असा निरोप होता. ह्या गोष्टीस पन्नास वर्षें झालीं. एकाच मजल्यावर राहून, एकाच पंगतीस बसून आम्हीं दोघांनीं तिचा उच्चार कधीं केला नाहीं. पुष्कळ घरांत असें असतें. बोलणें अडत नाहीं, तेवढी एकच खोली बंद असते.

आतां पुन्हां फूरकादकडे वळूं. त्याच्याहि घरांत एक थोरला होता, आणि विलक्षण गोष्ट अशी कीं तोहि चारच वर्षांनीं मोठा. त्याचें नांव सिमों. बायथलॉन घरांत आणलें त्यानें. मार्तां त्याच्या पावलावर पाऊल टाकून ह्या खेळांत आला. २००९ च्या जागतिक सामन्यांत मिश्र चमूच्या शर्यतींत फ्रान्सला सुवर्णपदक मिळालें, त्या चौघांत सिमों होता. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकला दोघे भाऊ बरोबर गेले, तेव्हां नांव होतें तें थोरल्याचें. धाकटा एकवीस वर्षांचा. पहिल्या शर्यतींत त्याची कोणी दखल घेतली नाहीं. शेवटीं पंधरा किलोमीटरांच्या सामुदायिक शर्यतींत तो एकाएकीं पुढें आला आणि रशियाच्या एवगेनी उस्त्यूगोवच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकानें रौप्यपदक घेऊन गेला. थोरल्याला तें फार जड गेलें. ह्या गोष्टी पुढें त्या दोघांनींहि लपवून ठेवल्या नाहींत. आपल्याच हातानें वाट दाखवावी आणि वाटेवरून दुसऱ्यानेंच पुढें निघून जावें, आणि तो दुसरा परका असता तर निदान त्याच्यावर रागावतां तरी आलें असतें!

त्याच वर्षीं मार्चमध्यें फिनलंडांत कोंतिओलाहती येथें धाकट्यानें विश्वचषकाची पहिली शर्यत जिंकली, आणि मग त्याला थांबविणारें कोणी उरलें नाहीं. विश्वचषक म्हणजे सबंध हिंवाळाभर गांवोगांवीं चालणारी शर्यतींची मालिका. तिच्या एकूण गुणांत जो पहिला, तो त्या वर्षाचा खरा विजेता. २०१२ पासून २०१८ पर्यंत ओळीनें सात वर्षें तो मान ह्या एकट्याकडे राहिला. जागतिक सामन्यांतलीं तेरा सुवर्णपदकें त्याच्या नांवावर आहेत. आम्ही पदकांची यादी देत नाहीं. यादीनें मनुष्य कळत नाहीं. दोन पराभव मात्र सांगतों. २०१४ च्या सोची ऑलिंपिकांत दोन सुवर्णपदकें जिंकल्यावर पुढच्या शर्यतींत तो आणि नॉर्वेचा स्वेन्दसेन एकदमच रेषेवर आले. स्वेन्दसेननें जिंकल्याच्या आनंदांत रेषेआधींच हात वर केले होते, आणि फूरकादनें शेवटल्या क्षणीं पाय पुढें फेंकला. छायाचित्र काढून पाहिलें, तर स्वेन्दसेन तीन सेंटिमीटरांनीं पुढें! दुसरा पराभव प्यॉंगचांगचाच. आम्ही ज्या रविवारची गोष्ट सांगत आहोंत त्याच्या तीन दिवस आधीं वीस किलोमीटरांच्या शर्यतींत तो सर्वांच्या पुढें होता. शेवटच्या खेपेच्या शेवटल्या दोन गोळ्या राहिल्या होत्या, आणि त्या दोन्हीं चुकल्या. दोन मिनिटें वाढलीं आणि तो पांचवा आला.

आणि थोरला? २०१२ सालीं जर्मनींत रूपोल्डिंग येथें जागतिक सामने झाले. त्या एका सामन्यांत धाकट्यानें तीन सुवर्णपदकें जिंकलीं. परंतु वीस किलोमीटरांच्या शर्यतींत, ज्या दिवशीं धाकट्याला कांहींच मिळालें नाहीं त्या दिवशीं, सिमोंनें रौप्यपदक मिळविलें. पुढें चमूच्या शर्यतींत दोघे भाऊ एकाच तुकडींतून धांवले आणि दुसरे आले. हें सर्व आम्हीं नंतर शोधून वाचलें. त्या रविवारीं आम्हांला सिमोंचें नांवहि माहीत नव्हतें. नातवानें सहज सांगितलें कीं ह्याचा मोठा भाऊहि हाच खेळ खेळतो, त्याच्याचमुळें हा शिकला. अण्णांनीं तें ऐकलें.

शर्यत सुरू झाली होती. नेमाची पहिली खेप आली. पालथ्या पडलेल्या गड्यांसमोर पांच-पांच काळे ठिपके होते, आणि गोळी बसली कीं काळा ठिपका जाऊन त्या जागीं पांढरा येई. अण्णा खुर्चीतून पुढें वांकले. त्यांनीं चष्मा पुसला. दुसरी खेप झाली, तिसरी झाली. ते कांहीं बोलले नाहींत. मग अगदीं हळू, जणूं कोणाला उद्देशून नव्हे अशा स्वरांत म्हणाले,

"काळें असतें, तें पांढरें होतें. येथें रंग ओळखावा लागत नाहीं."

वहिनींचें लक्ष नव्हतें. नातवाला अर्थ कळला नाहीं. आमच्या हातांतला पेला तसाच राहिला. परसांतली जांभूळ, डब्याचें झांकण, धांवत आल्या पावलीं मारलेले छरे, हें सारें एकदम समोर उभें राहिलें. आम्ही तासभर ज्या खेळाची माहिती घरच्यांना देत होतों, तो खेळ अण्णांनीं पासष्ट सालच्या आधींच सदाशिव पेठेंत बर्फावांचून काढला होता, आणि हें आमच्या ध्यानांतहि आलें नव्हतें.

शेवटचा चढ आला. पुढें दोघेच: सैन्यांतला फूरकाद आणि जर्मनीच्या जकात खात्यांतला सिमोन शेम्प. दोघे अगदीं बरोबरीनें रेषेवर आले, दोघांनींहि पाय पुढें टाकले. फूरकादला वाटलें कीं सोचीप्रमाणेंच पुन्हां हरलों. त्यानें संतापानें काठी बर्फावर आपटली. छायाचित्र आलें. ह्या खेपेस तो चौदा सेंटिमीटरांनीं पुढें होता. नातवानें टाळ्या पिटल्या, वहिनींनीं "बिचारा दुसरा!" म्हटलें, आणि अण्णांनीं विचारलें,

"आणि त्या थोरल्याचें काय झालें?"

आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. नातू म्हणाला, पाहून सांगतों. परंतु मुलांचें पाहणें तेवढ्यापुरतेंच असतें. प्रश्न तसाच राहिला. कधीं जिना चढतांना, कधीं झोपेच्या आधीं तो आमच्या कानांत येई, आणि प्रत्येक वेळीं तो फूरकादांच्या थोरल्याविषयींच होता असें आम्ही स्वतःस सांगत असूं.

पुढील हकीकत थोडक्यांत. सिमोंनें २०१९ सालीं शर्यती सोडल्या आणि तो शिकवूं लागला; आधीं तरुण मुलांना, आणि २०२३ पासून फ्रान्सच्या पुरुषांच्या चमूला. मार्तांनें २०२० च्या मार्चमध्यें खेळ सोडला. पहिला विजय मिळाला त्याच कोंतिओलाहतीला, बरोबर दहा वर्षांनीं, शेवटली शर्यतहि त्यानें जिंकली. आणि मग २०२५ चा मे महिना आला. व्हँकूवरला पहिला आलेला उस्त्यूगोव ह्याच्या रक्ताच्या तपासण्यांच्या नोंदींवरून त्यानें निषिद्ध औषध घेतल्याचा निष्कर्ष पूर्वींच निघाला होता. त्याविरुद्धचें त्याचें अपील लोझानच्या क्रीडा-लवादानें आतां फेटाळलें. पंधरा वर्षांपूर्वींच्या त्या शर्यतीचें सुवर्णपदक, ज्या शर्यतीनें दोघां भावांमध्यें अंतर पाडलें तिचेंच, मार्तांचें ठरलें.

आम्ही ही बातमी घेऊन समोरच्या दारीं गेलों. अण्णा आतां एक्याऐशी वर्षांचे आहेत. जिना उतरत नाहींत, पण ऐकूं चांगलें येतें. आम्हीं सर्व सांगितलें: पदकाचें, लवादाचें, आणि सात वर्षें राहून गेलेलें उत्तरहि. थोरला शिक्षक झाला. देशाचा चमू त्याच्या हाताखालीं आहे.

"शिकवतो?" अण्णांनीं विचारलें.

"होय."

"स्वतः धांवतो कीं नाहीं अजून?"

तें आम्हांला सांगतां येईना. अण्णांनीं मान हलविली आणि नातसुनेला हांक मारून कपाटाच्या खालच्या खणांतली पत्र्याची पेटी आणावयास सांगितली. पेटींत आजोबांचें घड्याळ होतें, कांटे गंजलेले. आणि तिच्या तळाशीं ती वही. अण्णांनीं ती आमच्या हातांत दिली. "तूं कधीं पाहिली नाहींस," ते म्हणाले. आम्हीं "तुम्हीं कधीं दाखविली नाहीं" असें म्हणणार होतों, पण म्हटलें नाहीं.

प्रत्येक पानावर दोन रकाने होते. डावीकडचा अण्णांचा, उजवीकडचा आमचा. तारीख, मिनिटें, आणि पांचांपैकीं किती. १९६१ च्या एका आठवड्यांत पान कोरें होतें, मग पुन्हां दोन्हीं रकाने सुरू. आपल्याला जावयाचें नाहीं हें ठरल्यावरहि ते आमच्याबरोबर चार वर्षें धांवत राहिले, हें आम्हांला ठाऊक होतेंच; आम्हीं त्याचा विचार केला नव्हता इतकेंच. १९६४ च्या दिवाळीच्या सुमारास आमचीं मिनिटें त्यांच्यापेक्षां कमी झालीं. तेथें त्यांनीं कांहीं खूण केलेली नव्हती. नेमांत मात्र ते शेवटपर्यंत पुढें होते. निकालाच्या दिवशीं उजव्या रकान्यांत 'उत्तीर्ण' एवढा एकच शब्द, त्यांच्याच अक्षरांत.

त्यानंतर आमचा रकाना रिकामा होता. आम्हीं सहज पान उलटलें, तों पुढेंहि तारखा होत्या. आम्ही गेल्यावर तीन आठवड्यांनीं डावा रकाना पुन्हां सुरू झालेला होता. १९६६, १९६७. आमच्या संचलनाची तारीख आम्हांला पाठ आहे. आम्हीं ती शोधली. त्या दिवसापुढें लिहिलें होतें: एकवीस मिनिटें, पांचांपैकीं पांच. शेवटची तारीख १९६९ च्या एप्रिलमधली, अण्णांच्या लग्नाच्या आधींच्या आठवड्याची. उजवा रकाना प्रत्येक पानावर पट्टीनें आंखलेला होता.

आम्ही कांहीं बोलण्याच्या आंत अण्णांनीं हात पुढें केला. "झालें पाहून?" ते म्हणाले. "दे ती इकडे. आणि त्या तुझ्या फ्रेंच मास्तराचें नांव काय म्हणालास, तें पुन्हां सांग."